दगडाला वाळवी

१६ जानेवारी

चिमणे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. तीनदा वाचलं. आधी मी, मग शिंप्याने, कारण त्याचा चष्मा चांगला. मग नर्सबाईंनी, कारण त्यांचा शिंप्यावर विश्वास नाही. नोकरीत कायम झालीस! अगं, मी एका जागी बसूच शकले नाही. बाकीच्या तेराही बिऱ्हाडांत सांगून आले. शिंपी म्हणाला, "म्हणजे आता ती इमारती बांधणार का हो आजी?" मी म्हटलं, "तिच्याशिवाय तिथे वीट हलत नाही." थोडं जास्त झालं, पण आनंदात चालतं तेवढं.

तुझी पाकिटंही मी टाकत नाही. त्यावर तो वर्तुळं काढायचा निळा कंपास छापलेला असतो ना, दोन पाय फाकवून कमरेवर हात ठेवल्यासारखा उभा, तो मला फार आवडतो. उशीखाली गठ्ठा आहे. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईच्या उशीखाली इंजिनीयरच्या हापिसाची पाकिटं. हे बघायला माझी आई हवी होती.

मंगळवारी जिना धुवायची पाळी माझी होती. गुडघे नको म्हणत होते. पण पाटी माझ्या ताब्यात, आणि मीच पळवाट काढली तर उद्या कोण ऐकेल माझं? ही तीच पाटी हं, जिच्यावर तू दहा वर्षांची असताना मला अक्षरं गिरवायला लावायचीस आणि चुकलं की डोळे वटारायचीस. आता तिच्यावर सगळ्यांची नावं असतात. नऊला दाराला आतून कडी, वरच्या मजल्यापासून बादल्या, आणि अकरापर्यंत कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. सतराव्या पायरीशी आले की तू तिथे पडून तुटलेला तुझा दात आठवतो. तो कुठे उडाला ते अजून सापडलेलं नाही.

तर तिसऱ्या मजल्यावर घड्याळजींची घड्याळं दहाचे ठोके द्यायला लागली. सगळी एकदम कधीच देत नाहीत, दोन-तीन मिनिटं चालतं ते. तेवढ्यात दार धडधडलं.

"कोण?"

"मालक."

म्हणजे नवा. जुने मालक गेले ना, त्यांचा पुतण्या. मी म्हटलं, "जिना ओला आहे. अकराला या."

"आजी, मी मालक आहे."

"म्हणून तर सांगते. आपल्याच जिन्यावरून घसरून पडलात तर चांगलं दिसेल का?"

मग तो समोर मोटारीत बसला, काचेतून वर बघत राहिला, आणि निघून गेला. शिंपी खिडकीत होता. म्हणतो, खिडक्या मोजत होता. मोजेना का. मोजून काय कमी होणार आहेत?

स्वेटर घालत जा. कायम झालीस म्हणून थंडी थांबत नाही.

तुझी आजी


२४ जानेवारी

आजी,

इमारतभर सांगितलंस ना? मला माहीतच होतं. शिंपीकाकांना सांग, मी इमारती बांधत नाही, त्यांचे अहवाल टाइप करते. कुठली इमारत पक्की, कुठली धोकादायक, ते साहेब ठरवतात.

पण हात मात्र भराभर चालतो आता. परवा एका दिवसात चार अहवाल केले. इथे पहिल्यापासून कुणी लिहीत बसत नाही. आधीच्या इमारतीचा अहवाल उघडायचा, भूखंडाचा क्रमांक आणि तारीख बदलायची, साहेब खुर्चीत बसून चार ओळी सांगतात त्या घालायच्या, की झालं. इमारत कुणाची, कुठल्या गल्लीतली, काही कळत नाही. आमच्याकडे सगळ्या इमारती आकड्यांच्याच. साहेब म्हणाले, "असा हात मी पाहिला नाही." मी लाजून पुन्हा चहा मागवला.

तू बादल्या उचलू नकोस. आणि मालकाशी जरा जपून बोल. नव्या माणसाला तुझा स्वभाव माहीत नसतो.

तुझी
चिमणी


९ फेब्रुवारी
शाळेच्या हॉलमधून

चिमणे,

पत्ता वाचलास ना? आता बस आणि मग वाच.

बुधवारी आम्हाला घराबाहेर काढलं. आठ वाजता दारावर कागद चिकटवला, लाल शिक्क्याचा. इमारत धोकादायक आहे, ताबडतोब रिकामी करा. ताबडतोब म्हणजे किती, तर दोन तास. छत्तीस वर्षं आणि दोन तास! दूध चुलीवर होतं माझं.

पालिकेची माणसं होती, पोलीस होते, आणि मालकाने आणलेले दहा-बारा दांडगे होते. एक पोरगेला साहेब मला म्हणाला, "आजी, तुमच्या जिवासाठीच करतोय हे." मी म्हटलं, "इतकी वर्षं माझा जीव इथेच होता, तेव्हा कुठे होतास रे? जुन्या मालकांना गच्चीचा नळ दुरुस्त करा म्हणून आठ वर्षं सांगितलं, तेव्हा माझ्या जिवाची चौकशी करायला कुणी आलं नाही." त्याने मान खाली घातली. लाज वाटली असेल. पण लाजेने कुलूप थांबत नाही.

नर्सबाई ड्यूटीवरून नुकत्या आल्या होत्या, अंगावर तोच पांढरा गणवेश. त्यांना वरही जाऊ देईनात. घड्याळजी एकेक घड्याळ छातीशी धरून खाली आणत होते, तान्हं बाळ आणावं तसं. सहा आणली. बाकीची वर कुलपात राहिली. आणि शिंप्याचं मशीन! दोघांनी उचललं आणि पायरीवरून सोडूनच दिलं. गडगडत आलं गं ते. शिंपी तिथेच खाली बसला आणि रस्त्यावरून एकेक स्क्रू वेचायला लागला. तो आवाज माझ्या चांगल्या कानात अजून आहे.

मी काय उचललं सांगू? पाटी. पातेली राहिली, रजई राहिली, औषधं राहिली, आणि मी एका हातात पाटी आणि दुसऱ्या हातात तुझ्या पाकिटांचा गठ्ठा घेऊन रस्त्यावर. नर्सबाई म्हणाल्या, "आजी, पाटी कशाला?" मी म्हटलं, "पुढची पाळी तुमची आहे. चुकवाल म्हणून."

त्या हसल्या आणि मग रडल्या. मी नाही रडले. मला इतका राग आलाय की रडायला जागाच नाही आत.

इथे शाळेच्या हॉलमध्ये तेरा बिऱ्हाडं आहोत. एक बहिणीकडे गेलं. संडास पहिलीतल्या मुलांच्या मापाचे आहेत. त्यावर बसून उठायचं म्हणजे माझ्या गुडघ्यांची परीक्षा. फरशी बर्फासारखी. घड्याळजींना खोकला लागलाय, छातीत घरघर ऐकू येते.

आता तुझं काम. तू या धंद्यातली आहेस. तुझ्या साहेबांना विचार, चांगली उभी इमारत पडणार असं कुठला आंधळा इंजिनीयर म्हणाला, ते कसं शोधायचं? ते शहाणे आहेत, तुला मानतात. नर्सबाई फोन करू म्हणत होत्या. मी नको म्हटलं. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि पूर्ण ओरडता येत नाही.

आजी


१३ फेब्रुवारी

आजी,

पत्र मिळालं. काय लिहू कळत नाही.

तू इकडे ये. माझी खोली लहान आहे, पण दोघी मावू. घड्याळजींना दवाखान्यात दाखवा, आजच. थांबू नका.

साहेबांना विचारण्यासारखं काही नाही. अशा गोष्टींत फार खोलात जाऊ नये. कागद झाला की झाला, आजी, त्याच्याशी भांडून काही होत नाही. तू या वयात पालिकेच्या दारात उभी राहू नकोस. ऐक माझं.

चिमणी


२० फेब्रुवारी, सकाळी

चिमणे,

हे काय पत्र म्हणायचं? दुकानदार बरणीवर चिठ्ठी लावतो तीही याहून मोठी असते. आजारी आहेस का? की एखाद्या मुलाचं काही आहे आणि सांगायला लाजतेस? सांग बाई, मी काही खाणार नाही त्याला. पण "कागद झाला की झाला" हे तुझं बोलणं नाही. माझ्या 'ण'चा पाय चुकला तर अख्खी पाटी पुसायला लावणारी पोरगी तू.

मी कुठेही येत नाही. मी आले की तेराची बारा होतील, मग बाराची दहा. मालक तेवढीच वाट बघतोय. त्याचा माणूस रोज येतो, एकेकाला कोपऱ्यात घेऊन म्हणतो, सही करून टाका, कटकट नको. काल माझ्याकडे आला. मी म्हटलं, "सही येते मला. पण ती पाटीवरच करते, आणि मग पुसते."

घड्याळजींना इस्पितळात ठेवलंय. न्यूमोनिया. त्यांची सहा घड्याळं माझ्या अंथरुणाशी आहेत. किल्ली कशी द्यायची ते मला सांगून गेले. अंबुलन्समध्ये झोपलेला माणूस, नाकावर नळी, आणि बोटाने हवेत गोल करून दाखवतो, इतके फेरे, जास्त नाही.

आमच्या तक्रारीवर पालिकेने तीन मार्चला सुनावणी ठेवलीय. नर्सबाई दोन दिवस तिथेच बसल्या आहेत. ज्या अहवालावरून आम्हाला काढलं त्याची प्रत मागतायत. आज देतो म्हणालेत. आणली की पुढचं लिहिते.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आणली.

शिंप्याने बाकावर उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवली. पाच पानं. सदर इमारतीची अमुक भिंत, तमुक तुळई. आम्ही ऐकत होतो. मग तो थांबला. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. "इमारतीचा मुख्य जिना संपूर्ण लाकडी असून पायऱ्यांना मोठ्या प्रमाणात वाळवी लागली आहे."

आधी कुणाला काही कळलंच नाही. मग नर्सबाई म्हणाल्या, "कुठला जिना?" आणि हॉल हसायला लागला. मीही हसले, लपवत नाही. बावन्न पायऱ्या, मी दर पाळीला गुडघ्यावर बसून धुतलेल्या, एकूण एक दगडी. तुझा दात दगडावर पडला. शिंप्याचं मशीन दगडावर फुटलं. आणि दगडाला म्हणे वाळवी!

मग शिंपी पुढे म्हणाला, "तपासणी, मंगळवार १४ जानेवारी, सकाळी दहा. सर्व मजले व सर्व खोल्या आतून पाहिल्या."

मी उठून उभीच राहिले. मंगळवारी! दहाला! माझी पाळी, माझी कडी, आणि बाहेर खुद्द मालक ओल्या जिन्यामुळे मोटारीत बसलेला. मी म्हटलं, "दे इकडे तो कागद, बघू दे मला." अक्षरं बारीक होती, मला काही लागेनात. पण पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात चित्र होतं.

निळा कंपास. दोन पाय फाकवलेला.

मी कागद घडी करून परत दिला. शिंपी म्हणाला, "आजी, काय झालं?" मी म्हटलं, चहा हवाय.

चिमणे, आता चिमणे म्हणायचं का तुला तेही कळत नाही. मी या हॉलमध्ये सगळ्यांना तुझ्या नोकरीच्या गोष्टी सांगितल्या आहेत. शिंप्याने आपल्या मुलीला सांगितलंय, आजींच्या नातीसारखी शिक. ती पाकिटं मी उशाला घेऊन झोपते. ज्या हापिसाने माझ्या डोक्यावरचं छप्पर काढलं त्याचीच पाकिटं!

"जुना उघडायचा, क्रमांक बदलायचा." तुझंच पत्र आहे. मी सगळी पत्रं ठेवते, तुला माहीत आहे.

माहीत असताना केलंस का? एवढं एक सांग. नसशील सांगणार तर पुन्हा लिहू नकोस. आणि लिहिलंस तर साध्या पाकिटातून.


२४ फेब्रुवारी

आजी,

हे पाकीट पोस्टातून विकत आणलं.

टाइप करताना माहीत नव्हतं. मालकाच्या जागी कसल्याशा कंपनीचं नाव होतं, पत्त्याच्या जागी भूखंडाचा क्रमांक. आपल्या इमारतीला क्रमांक आहे हे मला लहानपणापासून कधी ठाऊक नव्हतं. आपण सगळे तिला "बावन्न पायऱ्या" म्हणायचो.

पण तेराला तुला पत्र लिहिलं तेव्हा माहीत होतं. तुझं पत्र आल्यावर मी फाईल काढून बघितली. गल्लीचा नकाशा जोडलेला होता. मी नकाशावर बोट ठेवून बसले आणि मग फाईल जागेवर ठेवली. आणि तुला लिहिलं, खोलात जाऊ नये. नोकरीची भीती वाटली. तुला त्या फरशीवर झोपवून मला नोकरीची भीती वाटली, आजी. हे वाच आणि वाट्टेल ते म्हण.

जिना एका धान्याच्या कोठाराचा आहे. आधीचा अहवाल त्याचा होता. बाकी सगळं बदललं आणि तो परिच्छेद तसाच राहिला. घाईत. माझी चूक. पण विचार कर, मी ती चूक केली नसती तर अहवाल चोख झाला असता आणि तुमच्या हातात काहीच नसतं. माझ्या चांगल्या हाताची मला शिसारी येते आता. असे अजून किती अहवाल या हाताने केले? त्यातली माणसं कुठल्या हॉलमध्ये झोपली? त्यांच्याकडे कुणी पाटीवाली आजी होती का?

साहेब कुठेही गेले नव्हते. मंगळवारी दहाला ते खुर्चीत बसून मला हाच अहवाल सांगत होते. परवा मी त्यांना जिन्याचं म्हटलं, तर म्हणाले, "एवढं काय? टायपिंगची चूक म्हणू. तू म्हणायचंस." म्हणजे मी म्हणायचं.

सुनावणी तीन मार्चला आहे ना? मी येते. कोठाराचा जुना अहवाल घेऊन येते. दोन्ही शेजारी ठेवले की आंधळ्यालाही दिसेल.

चिमणी म्हण नाहीतर म्हणू नकोस. मी येते.


६ मार्च
घरून

चिमणे,

वर "घरून" लिहिलंय. दोनदा गिरवलं, एवढा आनंद झाला ते लिहिताना.

सुनावणीच्या दिवशी तू माझ्याशेजारी येऊन बसलीस, "आजी" म्हणालीस, आणि मी मान फिरवली. नर्सबाईंना वाटलं बहिऱ्या कानाच्या बाजूला बसलीस म्हणून ऐकू आलं नाही. आलं होतं. मला तुझ्याशी बोलायचं नव्हतं. तुझे साहेब उठून गोड आवाजात म्हणाले, "टंकलेखिकेची किरकोळ चूक, महोदय," तेव्हासुद्धा मी तुझ्याकडे बघितलं नाही.

मग तू उभी राहिलीस. बाक हललेला मला कळला. "जिन्याची चूक माझी आहे. पण मंगळवारी दहाला हे माझ्यासमोर बसून अहवाल सांगत होते. तिथे गेलं कोण होतं?" आणि दोन्ही अहवाल टेबलावर. पालिकेच्या अधिकाऱ्याने एकदा हा बघितला, एकदा तो. मालक म्हणाला, "जिना जाऊ द्या, भिंतींचं काय?" तेव्हा माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, "भिंती आत आल्याशिवाय दिसतात का हो? तुम्ही तर मोटारीत होता!"

ते सगळं तू पाहिलंस. पण संध्याकाळच्या गाडीने गेलीस, म्हणून दुसऱ्या दिवसाचं तुला माहीत नाही. अधिकारी स्वतः बघायला आला. वार कोणता? मंगळवार! कुलूप काढलं. महिनाभराची धूळ, आणि मालक बूट घालून पुढे. मी दारात काठी आडवी धरली. म्हटलं, आधी अधिकारीसाहेब. अधिकाऱ्याने खिशातून पेन काढलं आणि एकेक पायरीवर ठक ठक करत चढला. मी मागून मोजत होते, मोठ्याने. बावन्न. वरून तो मालकाला म्हणाला, "तुमच्या दगडांना वाळवी कुठे लागलीय ते दाखवता का?" शिंपी इतका हसला की त्याला धरावं लागलं. खोल्या पाहिल्या, भिंती ठोकल्या, गच्चीचा नळ लिहून घेतला. नोटीस मागे घेतली. पुन्हा तपासणी व्हायची आहे, पण ती आम्ही घरात असताना, आमच्या डोळ्यांदेखत.

तेव्हा जिंकलो म्हण. पण माझा राग काही गेलेला नाही आणि मी त्याला घालवणारही नाही. मशीन मोडलं ते मोडलं. शिंपी हाताने टाके घालतोय. बहिणीकडे गेलेलं बिऱ्हाड घाबरून परत येत नाही. मालकाने माफी मागितली नाही, तुझ्या साहेबांनीही नाही. "गैरसमज झाला" म्हणाले. गैरसमज दारावर कागद चिकटवतो का? घड्याळजी शनिवारी येणार आहेत, डॉक्टर म्हणतात फार चढ-उतार नको. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला! नर्सबाई आणि शिंपी खुर्चीत बसवून नेणार आहेत. मी सहाही घड्याळांना किल्ली दिली आहे. एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणजे बरोबर चालली आहेत.

आता तुझं. तुला काढून टाकलं हे नर्सबाईंकडून कळलं. मला तू लिहिलं नाहीस. बाई गं, लपवायची खोड सोड आता. तेराच्या पत्राचं मी विसरणार नाही, हे आत्ताच सांगते, मागाहून तक्रार नको. बाकी सगळ्यांनी तुला माफ केलंय. शिंपी तर म्हणतो, पोरीने इमारत वाचवली. मी म्हटलं, आधी तिच्याच कागदाने ती रिकामी केली होती.

सामान बांध आणि सोमवारपर्यंत ये. येताना त्या चार अहवालांतल्या इमारतींचे नकाशे आठवतील तेवढे कागदावर उतरवून आण. नर्सबाईंना आता पालिकेचे सगळे दरवाजे पाठ झालेत. त्या माणसांना शोधायचंय.

मंगळवारची पाळी पाटीवर तुझ्या नावाने लावली आहे. एकटीच्या. कुणी मदतीला येणार नाही, सांगून ठेवलंय. वरून सुरुवात कर आणि गुडघ्यावर बसून धू, उभ्याने खराटा फिरवायचा नाही. सतराव्या पायरीचा कोपरा मशीन पडून उडाला आहे. तिथे फडकं नको, नुसत्या हाताने धू.

मी खाली कडी लावून बसते. दार कुणी वाजवलं तर मी आहे.

तुझी आजी